पांढऱ्या दोऱ्याखाली

९ नोव्हेंबर

ढापण,

सगळं बदललं ते मंगळवारी, दुपारी साडेतीनला. तुझ्या बहिणीने, धाकटीने, आमच्या कारखान्यातल्या पत्र्याच्या डबीचं झाकण उघडलं, आतल्या सुया बघितल्या आणि म्हणाली, "आई, हेच. आता दुसरं काही बघायला नको." मी चार हात अंतरावर दोरा गुंडाळत उभा होतो. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. बसमध्ये ओळखीचा कंडक्टर दिसला की आपण हलवतो तशी. मग परत डबीकडे वळली.

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, मुद्दाम. फोन तू उचलत नाहीस, नंबर अडवून ठेवलायस, म्हणून कागदावर आलोय. वाच, नाहीतर बंब पेटव.

मी कॉलेज सोडल्यावर कुठे गेलो हे तू कुणाला विचारलं नसशीलच. मास्तरांकडे लागलोय. मास्तर पूर्वी शिंपी होते. नजर अधू झाली, मशीन सुटलं, तेव्हापासून लग्नात पाहुण्यांना द्यायच्या वस्तू करतात. वस्तू म्हणजे एकच. तळहाताएवढी चपटी डबी, तिच्यात पाच सुया, सहा बटणं, बोटभर कात्री आणि पुठ्ठ्याच्या चार पट्ट्यांवर गुंडाळलेला दोरा, काळा, पांढरा, लाल, निळा. दोरा गुंडाळायचं काम माझं. मला इथे सगळे 'कॉलेज' म्हणतात. "ए कॉलेज, निळा संपला." "कॉलेज, चहा सांग." अर्ध्यात सोडलं म्हणून अर्धं नाव तरी लावा म्हटलं, तर मास्तर म्हणाले, "अर्धं काम करशील तेव्हा लावू."

तर त्या तिघी आल्या. धाकटी, तुझी आई आणि होणारी नणंद. तुझ्या आईने सुया बघून कपाळाला हात लावला. "लग्नाला आलेल्या माणसाच्या हातात सुई द्यायची? लोक म्हणतील, यांच्याकडे बटणं तुटलेलीच माणसं येतात वाटतं!" नणंदेच्या डोक्यात नवरानवरीच्या फोटोची चौकट होती, खाली तारीख घातलेली. मास्तर शांतपणे म्हणाले, "बाई, दुसऱ्याच्या नवराबायकोचा फोटो आपल्या भिंतीवर लावलेला माणूस तुम्ही बघितलाय का?" नणंद म्हणाली, "आमच्याकडे लावतील." मास्तर म्हणाले, "लावतील. तुम्ही जिना उतरेपर्यंत." तुझी आईसुद्धा हसली. मग त्यांनी नेहमीचं सांगितलं. पाहुण्याला काय आवडेल हे विचारू नका, त्याचं घरात काय फाटतं, काय उसवतं ते विचारा. आवडलेली वस्तू कपाटात जाते. लागणारी हाताशी राहते.

धाकटीने तेव्हाच ठरवलं होतं. एकशे ऐंशी डब्या.

मला शब्द देऊन ती दुसऱ्याशी होणाऱ्या लग्नाच्या डब्या माझ्याकडून भरून घेणार. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.


१७ डिसेंबर

ढापण,

उत्तर नाही. बरं.

डब्या भरून झाल्या. मास्तरांची पद्धत तुला सांगतो, कारण तुझ्या घरच्या लग्नात काय वाटलं जाणार हे तुला माहीत असावं. तुझी आई पाहुण्यांची यादी घेऊन आली, तेव्हा मास्तरांनी एकही नाव वाचलं नाही. विचारलं एवढंच, "साठीच्या पुढचे किती? एकटे राहणारे किती? घरात लहान मूल किती जणांच्या?" साठीच्या पुढचे बेचाळीस निघाले. त्यांच्या डबीत मोठ्या नेढ्याच्या सुया, आणि त्याही दोरा ओवूनच द्यायच्या. नजर अधू झालेल्या माणसाला दोरा ओवायला कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि ती हाक मारायची त्याला लाज वाटते, असं मास्तर म्हणतात. स्वतःचं दुखणं आहे ते. एकट्यांच्या डबीत बटणं जास्त. मूल असलेल्या घरी कात्रीचं टोक बोथट. एकशे ऐंशी माणसांचा असा विचार आपल्या प्राचार्यांनी कधी केला असता तर मी आज कुठे असतो, जाऊ दे.

हो, तो विषय निघालाच आहे तर सांगतो. वर्गात मी त्या लांबट्याला मारलं, कारण तो धाकटीबद्दल बोलला होता. काय बोलला ते मी तेव्हाही सांगितलं नाही, आताही सांगत नाही. माफी माग म्हणून सगळे मागे लागले, तूसुद्धा. मी प्रवेशपत्र फाडून टेबलावर ठेवलं. तू मला फाटकापाशी गाठून विचारलंस, "तिने तुला काही म्हटलंय का? काही ठरलंय तुमचं?" मी म्हणालो, "हो. शब्द दिलाय तिने." तू चष्मा काढून पुसलास आणि म्हणालास, "मग आमच्या घरी येऊ नकोस." तिला तू काही विचारलं नाहीस, हे मला माहीत आहे. तुला तेवढा धीर नाही.

असो. एकशे ऐंशींपैकी पहिली डबी नवरीची, ही इथली रीत. तिच्या झाकणाला आतून पिवळा कागद असतो, म्हणजे ओळखू येते. ती डबी मी भरली.

एवढंच. जास्त सांगणार नाही.


६ जानेवारी

ढापण,

लग्न छान झालं म्हणे. मी होतो तिथे, सकाळी सातला, खुर्च्या मांडणाऱ्यांच्या मध्ये. खोकी उतरवली, डब्या टेबलावर रांगेत लावल्या, पिवळी सगळ्यांत पुढे ठेवली आणि निघालो. बोलावलेलं नसलेल्या माणसाने जेवढं थांबावं तेवढंच थांबलो.

तुला आनंद होईल, पाहुणे खूश आहेत. कालच एक म्हातारे गृहस्थ विचारत विचारत कारखान्यात आले. हातात डबी. म्हणाले, "पाच सुयांत दोरा होता, चार वापरल्या. पाचवी वापरली की पुढे काय?" मास्तरांनी त्यांना दहा ओवून दिल्या, फुकट, वर चहा. ते गेल्यावर दिवसभर मास्तर शीळ वाजवत होते. "बघ कॉलेज," म्हणाले, "पाहुणा लग्न विसरला तरी चालतं. वस्तू विसरला नाही पाहिजे." मी म्हटलं, "लग्न विसरलेलंच बरं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजर अधू असली तरी कधी कधी त्यांना फार दिसतं.

तुला माहीत आहे का, चार रंगांतला पांढरा सगळ्यांत आधी संपतो. उशीचे अभ्रे, चादरी, आतले कपडे. काळ्याला वर्ष लागतं. लाल तर कुणाकुणाचा कधीच संपत नाही. पांढरा, सरासरी, चारपाच महिने. इथे वही आहे तशी, लोक परत दोरा मागायला येतात तेव्हा मास्तर लिहून ठेवतात.

मला वाट बघायची सवय आहे.


२३ मे

ढापण,

काल तू आलास. दीड वर्षाने. आत येऊन माझी तिन्ही पत्रं गुंडाळायच्या चाकावर टाकलीस, एकही फोडलेलं नव्हतं. मग मोबाईल पुढे धरलास. पुठ्ठ्याच्या पट्टीचा फोटो. त्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं, "धाकटे, तू शब्द दिला होतास. मी अजून इथेच आहे."

तू म्हणालास, "हे तुझं अक्षर. तीन वर्षं तुझ्या वह्या उतरवून पास झालोय मी."

आणि मी, सगळ्यांच्या देखत, कात्री लावणाऱ्या दोघी कान टवकारून बसलेल्या असताना, म्हणालो, "माझं नाही."

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू बसलास. स्टुलावर. एका दमात सगळं सांगितलंस, जसं काही मी तुझ्या घरचाच आहे. लग्नात डब्या कमी पडल्या. एकशे ऐंशी सांगितल्या होत्या, माणसं जास्त आली. नवऱ्याची आत्या म्हणाली, मला नाही मिळाली. तेव्हा धाकटीने स्वतःची पिवळ्या कागदाची डबी काढून तिला दिली. आत्या त्याच घरात राहते. अभ्रे उसवले की तीच शिवते. गेल्या पंधरवड्यात तिचा पांढरा दोरा संपला आणि खाली पट्टीवर अक्षरं निघाली. तिने ती सगळे जेवायला बसलेले असताना मोठ्याने वाचली. धाकटी म्हणाली, "मला काही माहीत नाही." आत्या म्हणाली, "तुझीच डबी, तुझंच घरातलं नाव, आणि तुला माहीत नाही?" मग नवरा म्हणाला, थोडे दिवस माहेरी राहा. थोडे दिवस म्हणजे किती, हे कुणी सांगितलेलं नाही. आज दहावा दिवस. ती दिवसभर गॅलरीत बसून असते आणि आई तिच्याशी भिंतीशी बोलावं तसं बोलते.

मग तू चष्मा काढलास आणि विचारलंस, "खरं सांग. तिने शब्द दिला होता?"

मी गप्प राहिलो. तू त्याचा अर्थ 'हो' असाच घेतला असणार. तू उठून गेलास.

तुझ्यामागे मास्तर आले. फळीवरून तयार डब्यांचं खोकं काढलं, पुढच्या आठवड्यातल्या लग्नाचं, साठ डब्या. एकेक डबी उघडून एकेक पट्टीवरचा दोरा उलगडायला लागले. काळा, पांढरा, लाल, निळा. पट्टी डोळ्यांपाशी नेऊन दोन्ही बाजूंनी बघायची, बाजूला ठेवायची, पुढची घ्यायची. मी म्हटलं, "मास्तर, बाकी कशातच काही नाही, शप्पथ." ते उलगडत राहिले. दुपारपासून कारखाना बंद होईपर्यंत. त्यांच्या पायाशी दोऱ्याचा ढीग झाला, माझं आठवड्याचं काम. शेवटी म्हणाले, "लोक माझ्या डबीत न बघता बोट घालतात, कॉलेज. आत काय आहे हे त्यांना माहीत असतं म्हणून घालतात." आणि मग, "आधी तिकडचं उसवलेलं शिवून ये. मग कामावर ये."

ही पत्रं तू फोडली असतीस तर, असं रात्रभर मनात येत होतं. पण फोडली असतीस तरी काय कळलं असतं? मी कुठे काय लिहिलं होतं त्यांत.


२६ मे

ढापण,

हे पत्र मी स्वतः तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवणार आहे. फोड.

तिने शब्द दिला नव्हता.

हे एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. आता पुढचं लिहितो, मध्ये थांबलो तर परत काहीतरी सजवून सांगेन.

मी तिला कधी विचारलंच नाही. तुमच्या घरी तीन वर्षं येत होतो. दार बहुतेक वेळा ती उघडायची. म्हणायची, "दादा आत आहे, जा." मी गेल्या दोन रात्री बसून आठवलं, तीन वर्षांत ती माझ्याशी काय काय बोलली. 'दादा आत आहे' किती वेळा ते सांगता येणार नाही. 'दादा नाही, येईल इतक्यात' दहाबारा वेळा. एकदा 'पाय पुसून ये'. एकदा मला सर्दी झाली होती तर 'आल्याचा चहा करू?' मी नको म्हटलं आणि नंतर महिनाभर स्वतःला शिव्या घातल्या. बस. याच्यापलीकडे नाही. याच्यावर मी सगळं बांधलं. एकदा ती जिन्यात भेटली, दोन्ही हातांत वाळलेले कपडे छातीशी धरलेले, आणि मी ठरवून आलो होतो की आज विचारायचंच. ती बाजूला सरकली आणि म्हणाली, "दादा आत आहे." मी आत गेलो. तुझ्याबरोबर गणितं सोडवत बसलो. त्या दिवशी घरी जाताना मी मनातल्या मनात तिला विचारलं आणि मनातल्या मनात ती हो म्हणाली. नंतर मी ते इतक्या वेळा आठवलं की ते घडलेलंच होतं.

फाटकापाशी तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणू शकत नव्हतो. नाही म्हटलं असतं तर मग लांबट्याला मारलं कशासाठी? कॉलेज सोडलं कशासाठी? सगळं कॉलेज मला हसलं असतं, आणि तू सगळ्यांत आधी.

पट्टीवर लिहिलं ते तिने एकटीने वाचावं म्हणून. दोरा संपायला चारपाच महिने, तोवर ती त्या घरात रुळलेली असेल किंवा नसेल. नसली तर तिला कळावं की कुणीतरी आहे. हे मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे, रुळलेली असली तरी तिला टोचावं असं मला वाटत होतं. तेही लिहून टाकतो.

आणि आता ती गॅलरीत बसलीये, आणि तिच्याविरुद्धचा एकमेव साक्षीदार मी आहे, आणि मी खोटा आहे.

पत्ता मास्तरांच्या वहीत आहे, ऑर्डर देताना नणंदेने लिहून दिला होता. रविवारी सगळे घरी असतात. मी जातो. तू येऊ नकोस. तू आलास तर मी तुझ्याकडे बघून परत काहीतरी बोलेन.


२ जून

ढापण,

गेलो होतो. जसं झालं तसं सांगतो.

दार नणंदेने उघडलं. तिने मला ओळखलं, "तू तो डब्यांवाला ना? आता कशाची डिलिव्हरी?" मी म्हटलं, पट्टीवर लिहिणारा मी. तिने मला आत घेतलं आणि माझ्यामागे दार उघडंच ठेवलं, पळालो तर पळू दे म्हणून असेल.

बैठकीची खोली लहान आहे. सोफ्यावर आत्या, मांडीवर उशीचा अभ्रा, सुईत दोरा. काळा. नवरा खिडकीपाशी. तो चष्म्याची भिंगं घासायचं काम करतो, हे तूच त्या दिवशी कारखान्यात सांगितलं होतंस. बोटांच्या टोकांवर पांढरी पूड बसलेली असते, धुऊनही जात नसावी. मला तो दांडगा असेल असं वाटायचं. नाहीये. माझ्याहून दोन बोटं बुटका.

मी उभ्या उभ्या सांगितलं. तुला लिहिलं होतं तेच, त्याच क्रमाने. आत्याने मध्येच हात वर केला. "थांब. आग असल्याशिवाय एवढा धूर निघतो होय? तिने काही केलं असल्याशिवाय तू का लिहिशील?"

"काही केलं असतं तर लिहावंच लागलं नसतं," मी म्हणालो.

"हे तिच्या भावाने शिकवून पाठवलंय तुला."

"तिचा भाऊ माझ्याशी बोलत नाही."

"अक्षर तुझंच कशावरून?"

मी पेन मागितलं. नणंदेने दिलं. समोरच्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ते वाक्य परत लिहिलं, शब्द न् शब्द. आत्याने डबीतून पट्टी काढली, शेजारी ठेवली, चष्मा पुढेमागे केला. अभ्रा मांडीवरून खाली ठेवला.

मग नणंद म्हणाली, "म्हणजे ती तुझ्याशी कधी धड बोललीसुद्धा नाही?" मी म्हटलं, "नाही." "आणि तू कॉलेज सोडलंस." "हो." आणि ती हसली. वाईट नव्हतं तिच्या मनात, आपसूक फुटलं ते, शिंकेसारखं. पण तुला माझं माहीत आहे. कानशिलं तापली, मूठ वळली, टेबलावर काचेचं जड काहीतरी होतं तिकडे नजर गेली. दीड वर्षापूर्वी मी ते उचललं असतं. मी मूठ खिशात घातली आणि तिचं हसणं संपेपर्यंत उभा राहिलो. खूप वेळ लागला. चार सेकंद असतील.

आत्या म्हणाली, मघापेक्षा खालच्या आवाजात, "मग तिने तेव्हाच नीट सांगायचं होतं. गप्प का बसली?"

"तिला नीट विचारलं कुणी?"

हे मी तिला दुखवायला बोललो नाही. तोंडातून निघालं आणि निघाल्यावर मलाच लागलं. आत्याने सगळे जेवायला बसलेले असताना वाचून दाखवलं. नवऱ्याने बॅग भरायला सांगितलं. ढापण, तू तिच्या शेजारच्या खोलीत राहतोस आणि विचारायला गाव ओलांडून माझ्याकडे आलास. आणि मी, मी तर सुरुवातच तिथून केली.

नवरा पहिल्यांदा खिडकीपासून हलला. पट्टी उचलली, वाचली, परत ठेवली, तिच्यावर बोटाची पांढरी पूड राहिली. मला वाटलं आता मारेल. मी तयार होतो, खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. तो माझ्या अगदी जवळ आला आणि हळू आवाजात, आत्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "मी आज न्यायला गेलो तर ती येईल का?"

तो खरंच विचारत होता. मला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती, परीक्षेच्या आधी शेजारच्याला उत्तर विचारणाऱ्या पोराची असते तशी. त्याला वाटत होतं, इतकी वर्षं जो तिच्यासाठी झुरला त्याला तेवढं तरी ठाऊक असेल. तिला कशाने राग येतो, तो किती दिवस टिकतो, माफ करते की नाही.

मी उत्तर शोधलं. ढापण, मी खरंच शोधलं. आल्याच्या चहापलीकडे काही सापडलं नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मला तिच्याबद्दल काहीच माहीत नाही."

आणि मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.